घरातली गोष्ट पडद्यावर

आष्टी, ता. परतूर
२६ नोव्हेंबर २०२३

चि. अवधूत यास तारामावशीचे अनेक उत्तम आशीर्वाद. वि. वि.

तू मुंबईला सुखरूप पोचल्याचं उषाताईनं अंबडहून फोन करून सांगितलं. तू काही फोन केला न्हाईस. केला असता तरी दोन मिनटात 'मावशी, मीटिंग आहे' म्हणून ठेवला असतास. म्हणून तर मी तुला पत्र लिहिते. पत्राला मीटिंग नसती. तू होस्टेलला होतास तवापासून सिनेमाचं बोलणं आपण कागदावरच करत आलो, आता तू सिनेमावाला झालास म्हणून काय रीत बदलायची?

परवा तृप्तीकडं जालन्याला गेल्ते. लेकीनं जावयाला पोरगं सांभाळायला बसवलं अन् आम्ही मायलेकी अर्णव सूदचा नवा सिनेमा पाहून आलो. पोरगं गोरंगोमटं आहे, पण दुःख झालं तरी त्याचे केस विस्कटत न्हाईत. बाप मेला त्याचा, अन् हे डोंगरावर जाऊन शर्टाची बटनं उघडी टाकून उभं! अरे, बाप गेला तर माणूस आधी मटकन खाली बसतो. हे कुणी सांगितलं न्हाई का त्याला? इरा कपाडिया मात्र मला पसंत पडली. तिला काम थोडकंच, पण जेवते तवा खरंच जेवते. बाकीच्या नट्या घास हातात धरून नुसत्या बोलत राहतात, भाजी गार होऊन जाती. मराठीतल्या नंदू बोरकरबद्दल तर बोलूच नको. हसवायचं म्हणून कधी लंगडतो, कधी साडी नेसतो. दुसऱ्याचं व्यंग काढून हसवणं सोपं असतंय, त्याला नट कशाला लागतो?

आणि एक. भाऊबीजेला गच्चीवर बसून तुझ्या काकांचं जे सांगितलं, ते पोटात ठेव. इतक्या वर्षांत मी ते उषाताईलाबी सांगितलं न्हाई. तू विचारलंस, 'मावशी, काकांनी तुला पहिल्यांदा काय म्हटलं?' अन् तुझ्याशी मला खोटं बोलवलं न्हाई. ते ह्यांचं अन् माझं आहे.

तब्येत सांभाळ. वडापाव खाऊन दिवस काढू नको. पत्राची वाट बघते, हे काय वेगळं सांगायचं!

तुझी
तारामावशी

•

मुंबई
१७ डिसेंबर २०२३

ती. तारामावशीस सा. न. वि. वि.

तुझं पत्र ऑफिसात वाचलं आणि मोठ्यानं हसलो. शेजारच्या टेबलावर आमचे दिग्दर्शक होते, त्यांना अर्णव सूदच्या बटनांचा मजकूर वाचून दाखवला. ते म्हणाले की तुझ्या मावशीला इथं नोकरीला बोलाव, आपली निम्मी रिळं वाचतील.

बातमी अशी की मला पहिला सिनेमा मिळाला. 'वरात गेली कुठं?' असं नाव आहे. संवाद माझे, आणि थोडी पटकथाही माझी. खेड्यातलं लग्न, रुसवेफुगवे, हसू-रडू असं सगळं आहे. आईला सांगितलं तर तिनं आधी विचारलं की पगार वेळेवर देतात का. तू असं विचारणार नाहीस, म्हणून तुला सविस्तर लिहितोय.

तू सांगितलेली गोष्ट पोटातच आहे. पण मावशी, ती डोक्यातून जात नाही गं. ज्या माणसाच्या तोंडातून एक वाक्य सरळ निघत नाही, तो गिरणी सुरू करून त्या घरघरीत शमशेरकुमारचे डायलॉग घोकतो, कारण ते बोलताना त्याची जीभ अडखळत नाही. आणि लग्नानंतर खोलीच्या दारात उभा राहून नव्या नवरीला म्हणतो, "चौखट पे खड़ा हूँ. तुम कहो तो अंदर आऊँ, वरना उम्र यहीं कट जाएगी." आणि अजूनही बाहेरगावाहून आले की काका उंबऱ्यात थांबून हळूच तेवढं म्हणतात! आम्हा लेखकांना असलं सुचत नाही. मी काकांकडे आता निराळ्या नजरेनं बघणार.

काकांना नमस्कार. तृप्तीच्या पोराला पापा. तू अशीच रागावत राहा, म्हणजे माझं लिहिणं ताळ्यावर राहील.

तुझा
अवधूत

•

आष्टी
११ ऑगस्ट २०२४

चि. अवधूत यास अनेक आशीर्वाद. वि. वि.

सिनेमा दिवाळीत लागणार म्हणून लिहिलेलं तुझं पत्र येऊन पंधरा दिवस झाले. उत्तराला उशीर झाला, कारण गिरणीची मोटार जळाली अन् आठ-दहा दिवस घरात नुसती पळापळ. आता सुरू झाली. गिरणी बंद होती तवा गाव सुनंसुनं वाटत होतं अन् हे तर त्याहून सुने. आवाजात असले की ह्यांना बरं वाटतं. त्या घरघरीत कुणीच नीट बोलू शकत न्हाई, मंग सगळे बराबर होतात.

तृप्तीनं माझ्या मोबाईलवर ते सिनेमाचं ॲप टाकून दिलंय. भाकरी थापता थापता दोन सिनेमे पाहिले. एकात सगळे अंधारात बोलतात, काय बोलतात ते कळत न्हाई अन् कोण बोलतं ते दिसत न्हाई. तृप्ती म्हणती त्याला बक्षीस मिळालंय. लाईटबिल वाचवल्याचं मिळालं असंल. दुसऱ्यात रेहान मलिक म्हणून नवा पोरगा आहे. नाक जरा फेंदारलेलं, पण डोळ्यात पाणी आल्यावर तो ते लपवतो. बाकीचे कॅमेऱ्याला दाखवतात. ह्या पोरावर ध्यान ठेव. तुझ्या पुढच्या सिनेमात त्याला घे.

आता खरी खबर. तुझा सिनेमा दिवाळीत येणार हे ह्यांना सांगितलं, तर म्हणले की मी येणार. मी बघतच राहिले. लग्नाच्या आधी हे परतूरच्या टॉकीजमधी एकेक सिनेमा पाच-पाच वेळा बघायचे, पण संसार लागल्यापासून थिएटरची पायरी चढले न्हाईत. तिकीट मागायला खिडकीशी बोलावं लागतं, हे कारण मला उशिरा कळलं. आता म्हणतात की पोराचं नाव पडद्यावर येणार, मी घरी कसा बसू? नवा शर्ट शिवायला टाकलाय. बद्रीनाथ भावजीची जीप ठरवली. शेजारच्या चांगुणाबाई अन् आणखी चार बायका येतो म्हणतात. आष्टीतून वरातच निघायची तुझ्या वरातीला!

सिनेमात काय आहे ते सांग की थोडं. बिलकुल कुणाला सांगणार न्हाई.

तुझी उतावळी
मावशी

•

मुंबई
२० ऑक्टोबर २०२४

ती. मावशीस सा. न. वि. वि.

इथं श्वास घ्यायला फुरसत नाही. सिनेमा शुक्रवारी १ तारखेला लागतोय. जालन्याच्या थिएटरात तुमच्या सगळ्यांची तिकिटं काढून ठेवायला सांगितली आहेत. खिडकीवर कुणाला काही बोलावं लागणार नाही, काकांना तसं सांग.

मी स्वतः येऊ शकत नाही, त्याचं वाईट वाटतं. आम्ही कलाकारांबरोबर गावोगाव फिरतोय. गोष्ट काय ते सांगणार नाही, पण नंदू बोरकरचं काम नीट बघ. तुला तो आवडत नाही हे माहीत आहे, तरी ह्या वेळी तुझं मत बदलेल. त्यात तुझ्यासाठी एक गंमत ठेवली आहे. बघून झाल्यावर सगळ्यात आधी मला लिही. पेपरवाले काय लिहितात त्याचं मला काही नाही, तुझ्या पत्राची धाकधूक आहे.

काका येणार हे वाचून फार आनंद झाला.

तुझा
अवधूत

•

आष्टी
१० नोव्हेंबर २०२४

अवधूत,

आशीर्वाद लिहायला हात होईना म्हणून नुसतं नाव लिहिलं. सगळ्यात आधी तुला लिही म्हणालास. लिहिते.

आम्ही पाडव्याच्या दिवशी गेलो. ह्यांनी नवा शर्ट घातला, तृप्तीनं त्यांच्या कपाळाला गंध लावला. सुरुवातीला तुझं नाव आलं तवा ह्यांनी इतक्या जोरात टाळ्या वाजवल्या की पुढच्या रांगेतले मागं वळून बघायला लागले. माझे डोळे भरून आल्ते.

मंग नंदू बोरकर आला. गिरणी आली. पट्ट्याला बांधलेली लाल चिंधी आली. कानावर खोचलेली पेन्सिल आली. गिरणीवाले काका तोतरं बोलतात अन् मशीन सुरू झाली की सिनेमाचे डायलॉग मारतात. बद्रीनाथ भावजी मागून ओरडले की हे तर आपलं मच्छिंद्र! आपली सगळी रांग हसली. हेबी हसले. ते हसले म्हणून मीबी तोंडावर हसू आणलं. मध्यंतरात उठले, तर मला वाटलं बाहेर निघून जातात. पण सगळ्यांसाठी चहा घेऊन आले. मला म्हणले की पोरानं याद ठेवली आपली गिरणी.

मंग तो दरवाजा आला. खोलीत नवरी बसलेली, नंदू बोरकर उंबऱ्यात उभा. तेच बोलला. शब्दाला शब्द तेच. नवरी 'या' म्हणते, अन् हा नुसतं 'हो' म्हणायला जातो तर ह-ह-ह-ह करत तिथंच अडकतो. नवरी जांभई देते. आडवी होते. झोपते. कोंबडा आरवतो तरी ह्याचं ह-ह-ह चालूच. अख्खं थिएटर खुर्च्यांवर लोळत होतं. चांगुणाबाईनं माझ्या मांडीवर थाप मारली हसून हसून.

हे हसले न्हाईत. ते पडद्याकडं बघत नव्हते. माझ्याकडं बघत होते.

शेवटपर्यंत बसले. जीपमधी सगळे रस्ताभर तेच वाक्य म्हणत होते, त्यांना कुठं माहीत की ते कुणाचं आहे. त्यांना वाटलं तुझंच लिहिणं. घरी आल्यावर ह्यांनी मला येवढंच विचारलं की तू सांगितलंस का त्याला. मी हो म्हणाले. बरं म्हणले, अन् ते बरं म्हणायलाबी त्यांना फार वेळ लागला.

आता गिरणीवर दळण घेऊन आलेली पोरं ह-ह-ह करतात. बाया पदर तोंडाला लावतात. हे मान खाली घालून दळण देतात. परवा सेलूहून मोटारीचं सामान घेऊन आले, तर उंबऱ्यात थांबले न्हाईत. सरळ आत आले, पिशवी ठेवली, पाणी पिले. मी चुलीपाशी उभी होते. मला कळेना की मी आता काय करू.

सिनेमा कसा वाटला विचारलंस. कॅमेरा चांगला आहे. गाणी लांबलीत. कोंबडा बराबर वेळेला आरवतो.

तारा

•

मुंबई
२४ नोव्हेंबर २०२४

ती. मावशीस शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून दोन दिवस काम सुचलं नाही. फोन केले, तू उचलत नाहीस. म्हणून लिहितो.

मावशी, मी तो प्रसंग असा लिहिलाच नव्हता. मी लिहिला तेव्हा नवरी उठते आणि त्याचा हात धरून त्याला आत नेते, बस. एवढंच होतं. सेटवर दिग्दर्शकांना तो फार हळवा वाटला. नंदूजींनी ते ह-ह-ह करून दाखवलं, सगळं युनिट हसलं आणि तसंच ठरलं. नव्या लेखकाचं तिथं कोण ऐकतं? मी नको म्हणालो असतो तर मला काढलं असतं.

आणि काकांचं नाव कुठंच नाही. गावाचंही नाव वेगळं आहे. उलट लोकांना गिरणीवाले काका सगळ्यात जास्त आवडले आहेत. लोक त्यांच्यावर प्रेम करतायत, त्यांना हिणवत नाहीत. मी ते प्रेमानंच लिहिलं होतं, हे तुला तरी पटावं. सिनेमा कसा बनतो हे तुझ्याइतकं आपल्या घरात कुणाला कळतं?

काकांना काय सांगू ते कळत नाही. तूच सांग. तुझा राग मला मान्य आहे, पण बोलणं बंद करू नकोस.

तुझा
अवधूत

•

आष्टी
८ डिसेंबर २०२४

अवधूत,

नाव न्हाई म्हणतोस. चिंधी आहे, पेन्सिल आहे, उंबरा आहे. नाव तेवढं बाजूला काढलं अन् बाकी माणूस उचलून नेलास.

दिग्दर्शकानं केलं म्हणतोस. त्याला कुठून कळलं की तसा एक माणूस आहे? मी त्याला सांगायला गेल्ते का? अन् तू मला ऑक्टोबरात लिहिलंस की नंदू बोरकरचं काम नीट बघ, तुझ्यासाठी गंमत ठेवलीय. तवा तर तो कोंबडा तुला ठाऊक होता. ती गंमत वाटत होती तुला. हे मी पत्र पुन्हा पुन्हा वाचून बघितलं, दुसरा अर्थ निघतो का म्हणून. निघत न्हाई.

प्रेमानं लिहिलं म्हणतोस. मंग प्रेमानं एकदा विचारायचं होतंस. आम्ही हो म्हणालो असतो का, ते सोड. विचारायचं होतंस.

आणि तुझ्या काकांना काय सांगायचं ते मला विचारू नको. मी माझंच काय सांगायचं ते शोधून राह्यले. तू त्यांचा विश्वास मोडला न्हाईस, तुझ्यावर त्यांनी तो टाकलाच नव्हता. त्यांनी माझ्यावर टाकला होता. हे तुला कधी कळेल तवा कळेल.

उषाताईला यातलं काही बोलले न्हाई. तिला तुझा अभिमान आहे, तो राहू दे.

तारा

•

आष्टी
५ जानेवारी २०२५

चि. अवधूतला काकाचा आशीर्वाद.

मी पत्र कधी लिहीत न्हाई हे तुला माहीत आहे. तुझी मावशी म्हणती तुमचं जे काय आहे ते लिहून काढा, कागदावर जीभ आडवी येत न्हाई. ते खरं आहे. पण मला लिहून सांगायचं न्हाई. मला तोंडानं सांगायचंय अन् तू समोर बसून ऐकायचंय. जितका वेळ लागंल तितका.

संक्रांतीला ये. जेवायलाच ये. भिऊ नको.

मच्छिंद्र

•

मुंबई
१९ जानेवारी २०२५

ती. मावशीस सा. न. वि. वि.

संक्रांतीला तू जेवायला वाढलंस, पण माझ्याशी बोलली नाहीस. गिरणीत आमचं काय झालं तेही तू विचारलं नाहीस आणि काका सांगणार नाहीत. म्हणून मी लिहितो. ते तुला कळायलाच हवं.

काकांनी गिरणी बंद केली, मला पोत्यावर बसवलं आणि स्वतः उभे राहिले. मशीन बंद असल्यावर तिथं इतकी शांतता असते हे मला माहीत नव्हतं. ते बोलायला लागले. एका शब्दापाशी ते अडकले तेव्हा मी सवयीनं तो शब्द पुरा केला. त्यांनी हात वर केला आणि पहिल्यापासून सुरू केलं. मी पुन्हा तसंच केलं, त्यांनी पुन्हा हात वर केला. मग मी गप्प बसलो.

ते म्हणाले की शाळेपासून लोक हसत आले, त्याची सवय आहे, त्याचं काही नाही. ते म्हणाले, "ते वाक्य काही माझं नव्हतंच, सिनेमातलंच होतं. सिनेमानं दिलं, सिनेमानं परत नेलं, अशी मी मनाची समजूत घालून बघितली. पण मधली एवढी वर्षं तर माझी होती." तेवढं बोलायला त्यांना केवढा वेळ लागला, मावशी. त्यांच्या मानेच्या शिरा ताठल्या होत्या. मला खाली बघावंसं वाटत होतं, पण बघता येईना.

शेवटी ते म्हणाले की ताराला मी काही बोललो नाही, कारण तिनं सांगितलं ते कौतुकानं सांगितलं. तू विकलंस. हे 'विकलंस' मात्र ते एका दमात म्हणाले.

मी काय करू असं विचारलं. ते म्हणाले की काही करू नको, जेव आणि गाडी चुकवू नको.

माझ्याजवळ सांगायला काही नाही. चुकलो, एवढंच.

अवधूत

•

मुंबई
१४ सप्टेंबर २०२५

ती. मावशीस सा. न. वि. वि.

जानेवारीनंतर मी तीन पत्रं लिहिली. तुझं पोस्टकार्डही आलं नाही. तृप्तीकडून खुशाली कळते, तीवर भागवतो.

माझा दुसरा सिनेमा पुढच्या शुक्रवारी लागतोय. ह्यात नंदू बोरकर नाही. रेहान मलिकला घ्यावं म्हणून मी भांडलो, आणि घेतला. तू सांगितलं होतंस म्हणून. ह्यात कुणाच्याही घरातलं काही नाही, सगळं माझ्या डोक्यातलं आहे. त्यामुळे ते किती पोकळ झालंय ते मला समजेनासं झालंय. इथं सगळे छान छान म्हणतात. खरं सांगणारं एकच माणूस मला माहीत आहे.

एकदा बघशील का? रागावून लिही, चार ओळी लिही, पण कसा वाटला ते लिही. एवढी एक विनंती.

तुझा
अवधूत

•

आष्टी
५ ऑक्टोबर २०२५

चि. अवधूत यास आशीर्वाद. वि. वि.

तुझी सगळी पत्रं मिळाली. उत्तर दिलं न्हाई, कारण द्यावंसं वाटलं न्हाई.

इकडं पाऊस फार झाला, पण आपलं घर अन् गिरणी ठीक आहे. हे तीर्थपुरीला एका सोयऱ्याच्या साखरपुड्याला गेलेत, उद्या येतील. गिरणीवरची पोरं आता दुसऱ्या कुठल्या सिनेमातलं म्हणतात, तुझं जुनं झालं. ह्यांचं बोलणं मात्र पहिल्याइतकं राहिलं न्हाई. माझ्याशी बोलतात. दळणाचं, भाजीचं, तृप्तीच्या पोराचं. मी तेवढ्यावर आहे.

मागल्या आठवड्यात तुझा सिनेमा पाहिला. मुद्दाम जालन्याला गेले, एकटी गेले, पहिल्यापासून शेवटपर्यंत पाहिला. रेहान मलिकचं काम पाहिलं. तू लिहिलेला शब्द अन् शब्द ऐकला. कुठं तुझा हात चालला अन् कुठं अडला, ते सगळं मला दिसलं. बसमधी येतानी मनात तुला पत्रबी लिहून झालं होतं, लांबलचक. घरी आल्यावर कागद घेतला अन् तुझ्या काकांकडं बघितलं. ते तांदूळ निवडत बसले होते.

कसा वाटला ते मी तुला सांगणार न्हाई. आजबी न्हाई अन् पुढच्या सिनेमालाबी न्हाई. तुझे सिनेमे मी बघत जाईन. माझं मत माझ्यापाशी राहील. तुला दिलेलं कुठं जाईल, ते मला कळत न्हाई.

दिवाळीला उषाताईकडं अंबडला येशील तवा भेट होईलच. तिच्यासमोर मी हसून बोलेन. तूबी हसून बोल.

आशीर्वाद वर लिहिलाय, तो खरा आहे. मी तुला लहानपणापासून देत आले, तो काही मागं घेता येत न्हाई.

मावशी